बाईचं माप

वाडीतल्या सात नंबरच्या गोदामात दुपारी दोन ते चार काहीच नसतं. सकाळचा माल गेलेला असतो आणि संध्याकाळचा अमरावती रोडवर कुठेतरी जाममध्ये उभा असतो.

•

महाल भागात राहणाऱ्या रुखमाबाई फळीवरची लोणच्याची बरणी काढायला स्टूल घेत नाहीत.

•

बदक आणि हंस यांतला फरक चावल्यावर कळतो.

•

लाख तापली की मेण होते, निवली की दगड.

•

बिल्टीबुकांच्या, म्हणजे मालाच्या पावतीपुस्तकांच्या, रॅकच्या वरच्या कप्प्याला कामिनीचा हात पोचत नाही. तिच्या टेबलाखाली एक लाकडी स्टूल आहे. त्याच्यावर कोणीतरी खडूनं 'मॅडमचा जिना' असं लिहून ठेवलंय.

•

जिल्ह्याच्या संघात चौघींना घेतात. पाचवीला टाळ्या मिळतात.

•

उजवीकडे. पुन्हा उजवीकडे.

•

तर ही कामिनी. वय एक्केचाळीस, ट्रान्सपोर्टमध्ये बुकिंग क्लार्क, आणि गेली तीन वर्षं बांबूच्या धनुष्याच्या मागे लागलेली. भाचीला तिरंदाजीच्या मैदानावर सोडायला गेली होती. भाची आठवड्यात कंटाळली, मावशी मात्र तिथंच राहिली. कार्बनचे बाण आणि भिंगं लावलेली धनुष्यं तिला दवाखान्यातल्या मशिनींसारखी वाटली. तिनं देशी गट धरला: बांबूचं धनुष्य, बांबूचे बाण आणि नेम धरायला स्वतःचा डोळा.

जिल्ह्याच्या निवड चाचणीत पहिल्या वर्षी ती सातवी आली, दुसऱ्या वर्षी सहावी. यंदाची चाचणी येत्या रविवारी होती. आणि तिनं घरात, गोदामात, मैदानावर, सगळ्यांना सांगून टाकलं होतं की तिसऱ्यांदा नाही जमलं तर धनुष्य माळ्यावर. आपण बोलतो ते करतो हा तिचा गुण सगळ्यांना माहीत असल्यामुळे या धमकीची तिला स्वतःलाच भीती वाटत होती.

दुपारी दोन वाजता ती सात नंबरचं शटर खाली ओढायची. मागच्या भिंतीला बारदानात भाताचं तणस ठासून भरलेली गादी उभी केलेली होती, तिच्या मधोमध डांबराचा ठिपका. चाळीस पावलांवरून ती बाण सोडायची आणि प्रत्येक बाण कुठं गेला ते जुन्या, रद्द बिल्टीबुकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायची. सवयच तशी. माल निघाला की त्याची पोच लागते.

    माल: बाण, नग १
    रवाना: शटर
    पोच: ठिपक्याच्या उजवीकडे, एक वीत
    मालाची अवस्था: चांगली. पाठवणारीची नाही.
    जोखीम: मालकाची

    माल: बाण, नग १
    रवाना: शटर
    पोच: उजवीकडे, एक वीत चार बोटं
    शेरा: श्वास रोखून. उपयोग शून्य.
    जोखीम: मालकाची

उपाय सगळ्यांकडे होते. मैदानावरचे कोच सुमंत सर अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांचा जगातल्या एकाच गोष्टीवर विश्वास होता. "मॅडम, कोपर. तुमचं कोपर बाहेर जातंय." त्यांनी कोपराला क्रेप बँडेज बांधायला लावलं. महिनाभर कामिनी एका हातानं पोळ्या लाटत होती. बाण उजवीकडेच गेले.

गोदामाचे मुनीम मनोहरराव म्हणाले, "दृष्ट लागली तुमाले. ह्या शटरलेच एक लिंबू बांधा." लिंबू बांधलं. बाण उजवीकडे. लिंबू हंसानं खाल्लं.

हा हंस राखणीचा. मालकानं कुत्र्याऐवजी हंस ठेवला, कारण कुत्रा हमालांशी दोस्ती करतो आणि हंस कोणाशीच करत नाही. त्याचं नाव सुपरवायझर. दिवसभर मान वर करून गोदामांच्या ओळीतून फिरायचं, कामाचं काहीच करायचं नाही आणि मध्येच कोणावर तरी ओरडायचं. दुसरं नाव कोणाला सुचलंच नाही. उन्हाळ्यात त्याची पंखातली मोठी पिसं झडत. कामिनी ती गोळा करून डाव्या पंखाची एका पिशवीत, उजव्या पंखाची दुसऱ्या पिशवीत घालून महालात भैय्याजींना नेऊन द्यायची. एका बाणाला एकाच बाजूची पिसं लागतात. डावी-उजवी मिसळली तर बाणाला कोणीकडे गिरकी घ्यावी ते कळत नाही.

भैय्याजी म्हणजे बांबूकाम करणारे. सुपं, टोपल्या, शिड्या हे पोटापाण्याचं, आणि बाण हे जिवाचं. वय सहासष्ट. तिच्या धनुष्याला पाहून, दाबून, कान लावून त्यांनी तिला आठ बाण करून दिले होते. सहा चाचणीला, दोन मोडतोडीला.

मंगळवारी दुपारी कामिनी पाणी प्यायला वळली आणि सुपरवायझरनं त्या आठांतला एक बाण उचलला. आपलंच सामान ओळखलं असावं. ती धावली तोवर त्यानं तिन्ही पिसं मुळापासून उपटून काढली होती आणि एक तोंडात धरून सहा नंबरकडे निघाला होता.

"अबे चोट्ट्या!" कामिनी ओरडली. मग हातातल्या उघड्या काडीकडे पाहत राहिली. चाचणीला पाच दिवस, आणि बाण उरले सात. रागानं तिनं ती बिनपिसांची काडीच दोरीला लावली आणि सोडली.

    माल: बाण, नग १, बिनपिसांचा
    रवाना: शटर
    पोच: गादीच्या पार उजव्या कडेला. आडवा घुसला, शेपूट डावीकडे.
    शेरा: ???

तिनं पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच, पुन्हा तस्साच आडवा. पाच वेळा सोडला. पाचही वेळा बाण त्याच बारदानाच्या त्याच शिवणीजवळ जाऊन बसला.

कामिनी स्टुलावर बसली. अकरा वर्षं तिनं माल पाठवला होता. कधी इकडे, कधी तिकडे हरवला तर ड्रायव्हरची चूक. पण दरवेळी त्याच चुकीच्या गावाला पोचला, तर पत्ताच चुकीचा लिहिलेला असतो.

•

बुधवारी ती महालात गेली. भैय्याजींचं दुकान म्हणजे गल्लीत उघडणारी एक खोली. पुढं टोपल्या, मागं स्वयंपाक, मध्ये भैय्याजी. त्यांनी बिनपिसांचा बाण हातात घेतला आणि आधी पिसांच्या जागेवरून बोट फिरवलं.

"हे कोनं केलं?"

"सुपरवायझरनं."

"त्याले बाणाची अक्कल हाय," भैय्याजी म्हणाले. "पिसं म्हंजे बाणाची अब्रू झाकते, बाई. वाकडा निगालेला बाणबी पिसं ओढून ओढून सरळ करते. पिसं काढली का बाण खरं बोलते."

"मंग हा काय बोलून राह्यला?"

त्यांनी बाणाची दोन टोकं धरून मधोमध अंगठा टेकवला, हलकेच दाबला. बाण वाकला. भैय्याजींचा चेहरा बाणापेक्षा जास्त वाकला.

"नरम हाय," ते म्हणाले. "बाण सुटते ना, तवा सरळ नाई जात. मासोळीवानी वळवळत धनुष्याच्या बाजूनं निसटते. बेताचा वळवळला त ठीक. जास्तच नरम असला त जास्त वळवळते अन् तुमच्यासारख्या उजव्या हातानं ओढनाऱ्याचा उजवीकडे फेकल्या जाते."

"म्हंजे माझं कोपर…"

"कोपराचा काई संबंध नाई."

कामिनीनं डोळे मिटले. एक महिना. क्रेप बँडेज. एका हातानं पोळ्या.

"पण तुमी त माझं धनुष्य पाहून बांबू निवडला होता ना, भैय्याजी? मंग नरम काहून निघाला?"

भैय्याजी एकदम टोपल्या आवरायला लागले. चांगल्या रचलेल्या टोपल्या उतरवून पुन्हा तशाच रचायला लागले.

"बांबू बरोबरच व्हता," ते टोपल्यांना म्हणाले. "जाडी बरोबर व्हती. मोसम… हवा… तसं काई सांगता येत नाई."

"चहा घेता का वं?" मागून त्यांच्या बायकोचा, रुखमाबाईंचा आवाज आला. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. छताजवळच्या फळीवर साखरेचा डबा होता. रुखमाबाईंनी नुसता हात वर केला आणि डबा खाली आला. टाच उचलली नाही, मान वर केली नाही. कामिनीला त्या फळीपर्यंत पोचायला मॅडमचा जिना लागला असता, आणि जिन्यावर आणखी एक जिना.

"काकू, काय लांब हात हो तुमचा!"

"तं!" रुखमाबाई खुशीत म्हणाल्या. "माह्या मायचाबी असाच व्हता. म्हनून त तुहे बाण माह्याच हातावर मापले ना यानं."

टोपल्यांचा मनोरा पडला.

बाणाचं माप घ्यायची रीत सोपी आहे. ज्याचा बाण त्याच्या छातीच्या खळगीला काडीचं एक टोक टेकवायचं, त्यानं दोन्ही हात समोर सरळ करून काडी तळव्यांत धरायची आणि बोटांची टोकं पोचतील तिथं खूण करायची. काडी टेकवणार आणि खूण करणार बाण बनवणारा. चाळीस वर्षं भैय्याजींनी असंच केलं होतं, पण ती सगळी चाळीस वर्षं गिऱ्हाईक पुरुष होते. कामिनी आली त्या दिवशी त्यांनी काडी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं आणि "रुखमे, इकडं ये बरं, बाईचं माप पाह्यजे" असं म्हणून बायकोला समोर उभं केलं.

"मी तिथंच होती!" कामिनी म्हणाली. "समोर, त्या पाटावर बसली होती! मले वाटलं तुमी काकूंचं काही दुसरं माप घेऊन राह्यले."

"मंग काय परक्या बाईच्या छातीले काडी लावू मी?" भैय्याजींचे कान लाल झाले. "शोभते काय?"

"अन् टेलर टेप लावते तवा?" रुखमाबाई म्हणाल्या. "त्याचं बरं शोभते! अन् मले सांगायचं ना, मी लावली असती काडी तिच्या छातीले. हे म्हंजे, एकीचं पोट दुखते अन् दुसरीले काढा."

"बाईचं माप ते बाईचं माप," भैय्याजी पुटपुटले. "दोन-अडीच बोटांचा फरक."

"हाओ, अन् तुमचा सदरा त्या शेजारच्याले घालून पाहू का? मानूस ते मानूस!"

कामिनी हसली, आणि मग थांबली, कारण रविवार तिथंच होता. तिनं विचारलं, "लांबीमुळे नरम होतो का बाण?"

"लांब काडी जास्त वाकते. आखूड कमी." भैय्याजी खाली बसले. "तेवढंच हाय. बाकी बाणात काई खोट नाई."

"मंग कापा."

भैय्याजींनी मान हलवली. हळू, पण पुरी.

"मोडले म्या बाण, जाळले, नदीत टाकले. कापला नाई कदी. माह्या बापानंबी नाई कापला. कापलेला बाण दुसऱ्या कारागिरानं पाह्यला ना, त म्हनते, याले माप घेता येत नाई."

"पण तुमाले माप घेता नाहीच आलं," कामिनी म्हणाली. तिला ते कठोर वाटलं, पण मालाच्या पोचपावतीवर खोटं लिहायची तिला सवय नव्हती. "नवे करून देता का?"

"बांबू वाळाले दीड महिना लागते."

"रविवारी चाचणी आहे, भैय्याजी. मी माझ्या हातालेच शिव्या देत होती."

रुखमाबाईंनी चहाचा कप कामिनीच्या हातात दिला आणि नवऱ्याच्या समोरचा कप उचलून परत आत नेला.

•

शनिवारी दुपारी सव्वादोनला सात नंबरच्या शटरवर थाप पडली. बाहेर ऑटो, ऑटोत भैय्याजी, भैय्याजींच्या मांडीवर शेगडी, पिशवीत लाख, बारीक दातांची करवत आणि कानस. शेजारी रुखमाबाई.

"तीन दिवस चहा नाई देल्ला यानं मले," भैय्याजी म्हणाले. रुखमाबाईंचा उल्लेख ते चिडले की पुल्लिंगी करत.

सुपरवायझर मान लांब करून फूत्कारला. रुखमाबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो माघारी जाऊन तराजूमागे बसला. गोदामाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

माप रुखमाबाईंनीच घेतलं. भैय्याजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि 'हा माल नाजूक आहे' ही गादीवरच्या भिंतीवरची पाटी मन लावून वाचत राहिले. बिनपिसांच्या बाणाचं दोरीत बसणारं खाचेचं टोक कामिनीच्या छातीला, हात समोर. बोटं संपली तिथं खूण करायला काहीच नव्हतं, म्हणून रुखमाबाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि बाणावर चिकटवली.

"टिकलीच्या आत जाऊ नका," भैय्याजी वळून म्हणाले. "आत गेलं त बाण ओढताना धनुष्याच्या मांगं येईन, अन् सुटला का हातात घुसन. बाहेरबाहेरनं जाऊ. अर्धं अर्धं बोट."

बाणाचं टोक त्यांनी शेगडीवर धरलं. फाळ चिकटवणारी लाख ढिली झाली, लोखंडी फाळ सुटून आला. करवत लावली आणि हात थांबला.

"ते काय लिहून ठेवलं?" त्यांनी बिल्टीबुकाकडे पाहून विचारलं.

कामिनीनं वाचून दाखवलं. माल, रवाना, पोच, जोखीम.

"जोखीम कोनाची म्हनते?"

"मालकाची. छापीलच असतं ते."

"खोड. 'बनवनाऱ्याची' लिही." पहिल्यांदाच ते तिला 'तू' म्हणाले. आणि करवत चालली.

    माल: बाण, नग १, बिनपिसांचा, अर्धं बोट कमी
    पोच: उजवीकडे, दोन वीत. अजून आडवा.
    जोखीम: बनवणाऱ्याची

    माल: तोच, एक बोट कमी
    पोच: उजवीकडे, दीड वीत. शेपूट जरा लाजली.
    जोखीम: बनवणाऱ्याची

    माल: तोच, दीड बोट कमी
    पोच: उजवीकडे, चार बोटं
    शेरा: काकू म्हणतात, बास. भैय्याजी म्हणतात, नाही.
    जोखीम: बनवणाऱ्याची

    माल: तोच, दोन बोटं कमी. टिकली अर्ध्या बोटावर.
    पोच: ठिपका. सरळ. शेपूट मागं, जिथं असायला पाहिजे तिथं.

चाळीस पावलांवरून दिसत होतं ते खरं आहे का हे पाहायला तिघंही चालत गेली. बिनपिसांचा, उघडा बाण डांबरात उभा होता, खिळ्यासारखा.

"आता पिसांले झाकायले काई उरलं नाई," भैय्याजी म्हणाले. मग मांडी घालून बसले आणि एकामागून एक सहा बाणांचे फाळ सोडवून, कापून, घासून, लाख लावून पुन्हा बसवले. प्रत्येक कापलेला तुकडा ते खिशात टाकत होते. सातवा घेतला तेव्हा रुखमाबाईंनी त्यांच्या हातातून काढून घेतला.

"हा राहू द्या."

"काहून?"

"माह्या मापाचा हाय."

•

रविवारी मैदानावर वारा नव्हता. सुमंत सर क्लिपबोर्ड घेऊन मागं उभे होते. कामिनीचा पहिला बाण गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिसऱ्याला सर उडालेच.

"मॅडम! बघा! सांगत होतो ना मी! कोपर!"

"हो सर," कामिनी म्हणाली. "दोन बोटं कापलं."

सरांनी क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं आणि मग विचारात पडून ते खोडलं.

शेवटच्या फेरीत सहावा बाण उरला तेव्हा ती पाचव्या जागेवर होती आणि चौथी तिच्यापेक्षा पाच गुणांनी पुढं होती. तिनं बाण दोरीला लावून ओढला. धनुष्य धरलेल्या मुठीवरच्या बोटाला लाखेचा एक ओघळ लागला. शेगडीवर घाईत बसवलेल्या फाळाच्या मुळाशी तो राहून गेला होता, मुगाच्या दाण्याएवढा. दगडासारखा. आजवर बाण ओढताना तिच्या मनात कोपर असायचं, श्वास असायचा, लिंबूसुद्धा असायचं. आता तिथं काही नव्हतं. हात आपल्या जागी पोचला, बाण आपल्या जागी संपला, आणि दोन्ही जागा एकच होत्या.

तिनं सोडला.

•

मंगळवारी दुपारी दोन वाजता रुखमाबाई ऑटोतून एकट्याच उतरल्या. हातात एक बाण, न कापलेला.

"यानं येऊ नको म्हनलं," त्या म्हणाल्या. "म्हनून आली. आन ते धनुष्य."

"काकू, कधी ओढलं का तुमी?"

"बांबू ओढण्यातच जिंदगी गेली माई. दोरी कोनीकडून धरतेत, तेवढं सांग."

कामिनीनं सांगितलं. मनोहरराव शटरच्या बाहेर सुरक्षित अंतरावर जाऊन उभे राहिले. आत कोणीच नको म्हणून सुपरवायझरला त्यांनी बगलेत घेतलं होतं, आणि तो त्यांना चावत होता. रुखमाबाईंनी पदर खोचला, तो लांबलचक हात मागं नेला आणि डोळे मिटून सोडलं.

    माल: बाण, नग १
    रवाना: रुखमाबाई, महाल
    पोच: 'हा माल नाजूक आहे' या पाटीत, 'नाजूक'वर. ठिपक्याच्या वर दोन हात. उजवीकडे शून्य, डावीकडे शून्य.
    मालाची अवस्था: उत्तम. पाटीची नाही.
    जोखीम:

"पाह्यलं?" रुखमाबाई म्हणाल्या. "बाणाचं काई चुकलं नव्हतं."

"मंग कोणाचं चुकलं, काकू?"

"ते त्याले घरी जाऊन सांगतो ना मी." त्यांनी पाटीकडे पाहिलं. "काढून दे वं तो बाण. अजून एकडाव."

कामिनी टेबलाखालून स्टूल ओढून भिंतीपाशी न्यायला लागली. तोवर रुखमाबाई चाळीस पावलं चालून गेल्या, हात वर केला आणि बाण उपटून खाली आणला.

रविवारच्या चाचणीत कामिनी चौथी आली.